आमच्या घरातला 32 इंची टीव्ही

आमच्या घरात टीव्ही फार उशिरा आला. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले, 1982 मध्ये पडद्यावर रंग आले. 1988 मध्ये 'महाभारत' सुरू झाले तेव्हा सोलापुरात आमच्या मोहल्ल्यातल्या दोन-तीन घरांवरही अँटेना दिसू लागले होते. आमच्या पत्र्यावर मात्र नव्हता. अब्बांचे एकच वाक्य असे, "घर में वो डब्बा नक्को." दखनीतला हा 'नक्को' मराठीतल्या 'नको'चाच, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात.

अब्बा यंत्रमागावर कामाला होते. आलिम वगैरे नव्हते. तसवीर नाजायज, नाचगाणी घरात येणार, नमाज बुडणार, एवढीच त्यांची कारणे. ही भीती केवळ आमच्या गल्लीची नव्हती. खुद्द सौदी अरेबियात शाह फैसल यांच्या काळात, 1965 मध्ये टेलिव्हिजन सुरू झाले, तेव्हा तिथे विरोध पेटला. त्या आंदोलनात राजघराण्यातला एक तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. 1975 मध्ये त्याच्याच सख्ख्या भावाने शाह फैसल यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याने भावाचा सूड घेतला असे बरेच जण मानतात. आज त्याच देशातून मक्केतली तरावीह थेट आपल्या घरात दिसते. अब्बांना कट्टर म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. प्रश्न त्यांच्या काळाचा होता आणि ते तो प्रामाणिकपणे विचारत होते.

रविवारी सकाळी मी शेजारच्या काकूंकडे 'महाभारत' बघायला पळायचो आणि मार खायचो. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी अब्बांना सांगितले की, याचे संवाद राही मासूम रझा लिहितात, गाझीपूरचे. अब्बांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पुढच्या रविवारी त्यांनी मला अडवले नाही. स्वतः मात्र आले नाहीत.

2010 मध्ये, शिक्षणसेवकाची वर्षे संपून पूर्ण पगार सुरू झाल्यावर, मी हप्त्यांवर 32 इंची एलसीडी आणला. तोवर जगात पिक्चर ट्यूबचे दिवस भरत आले होते. 2007 च्या अखेरीस एलसीडीची जागतिक विक्री ट्यूबच्या संचांपेक्षा वर गेली होती. या पडद्याचे मूळ मोठे गमतीचे आहे. 1888 मध्ये फ्रीडरिश राइनिट्झर हा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळालेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासून बनवलेला पदार्थ वितळताना एकदम पातळ होत नाही, मध्ये एका गढूळ अवस्थेत थांबतो, असे त्याला दिसले. तेच द्रव स्फटिक. 1968 मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने त्यांचा पडदा करून दाखवला. आमच्या काही मित्रांना प्रत्येक शोधाच्या मुळाशी एक मुसलमान शास्त्रज्ञ सापडतो. मलाही इथे इब्न अल-हैसम यांचे नाव घ्यायचा मोह होतो, पण गाजराचे श्रेय गाजरालाच द्यावे.

अब्बांची अट होती की टीव्ही किब्ल्याच्या भिंतीवर नको. म्हणून तो पूर्वेच्या भिंतीवर लागला, समोर पश्चिमेची खिडकी. दुपारचे ऊन सरळ पडद्यावर येते, पण त्या काळचा हा पडदा खडबडीत असल्यामुळे आरशासारखा चमकत नाही. भाच्याच्या नव्या टीव्हीत दुपारी आपलेच तोंड दिसते.

हळूहळू अब्बा 'डीडी उर्दू'च्या बातम्या बघू लागले, मग मुशायरे. अजान झाली की रिमोट त्यांच्याच हातात. 2013 मध्ये सेट-टॉप बॉक्स आला, तेव्हा टीव्हीला कळलेही नाही. मागे एक वायर वाढली, एवढेच.

2016 मध्ये तो नुसता 'टक्' करायचा आणि बंद पडायचा. सेवा केंद्रातल्या माणसाने न उघडताच सांगितले, पार्ट येत नाहीत, नवा घ्या. मोहल्ल्यातल्या कारागिराने मागचे झाकण काढले आणि पॉवर बोर्डावरचे दोन कपॅसिटर दाखवले. त्यांची टोके फुगली होती. दीडशे रुपयांत काम झाले.

खरी कसोटी 2020 मध्ये लागली. शाळा बंद, ऑनलाइन तास सुरू, आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत एकच मोबाइल, तोही बापाच्या खिशात. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका लागू लागली. ती मराठीत होती आणि गल्लीतली मुले उर्दू माध्यमाची. चौघा-पाच जणांना तोंडाला रुमाल बांधून अंतरावर बसवायचो, आवाज मध्येच कमी करून उर्दूत समजावायचो. 'क्षेत्रफळ' म्हणजे 'रकबा', हे त्या पोरांना तिथे कळले. एक मुलगी खिडकीबाहेर उभी राहून ऐकायची, तिच्या घरी आजारी माणूस होते. तिला आवाज पोचावा म्हणून अब्बांनी एकदा स्वतः उठून तो वाढवला. ते 2022 मध्ये गेले.

आता पडद्याचा डावा कोपरा काळवंडला आहे. द्रव स्फटिक स्वतः उजेड देत नाहीत, उजेड मागच्या बारीक ट्यूबांचा असतो, आणि त्याच थकतात. त्यांत थोडा पारा असतो, म्हणून भंगारवाल्याने तीनशे रुपये सांगितले तरी संच त्याला दिला नाही. तो कुठेतरी उघड्यावर फोडला जाईल. मुलगी रोज म्हणते, "अब्बा, ये अब नक्को." कारागीर म्हणतो, जुन्या संचातल्या ट्यूबा मिळाल्या तर बदलून बघू. जुम्याच्या नमाजनंतर येणार आहे.