बागेतला वास : थोडा इतिहास, थोडा उपाय

आपल्या सोसायटीला 25 वर्षे झाली. पाण्याच्या खालोखाल बैठकीत आवाज चढतो तो बागेतल्या वासावरून. "खताचा खड्डा बुजवून टाका," ही मागणी दर पावसाळ्यात ठरलेली. बुजवण्याआधी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहावा, म्हणून हे चार शब्द.

1935 साली महात्मा गांधी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. जवळच्या सिंदी गावात रस्त्याकडेला घाण पडत असे. त्यांचे सहकारी सकाळी बादल्या-फावडी घेऊन ती उचलायला जात. मैला खोल पुरू नका, वरच्या नऊ ते बारा इंच मातीतले जीवच त्याचे खत करतात, असे गांधीजी सांगत. पुढे विनोबा पवनारहून सुरगावला सफाईसाठी रोज पायी जात. कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखत देणारे 'गोपुरी संडास' रुजवले. आपली घाण आपण निस्तरावी, एकाच जातीच्या डोक्यावर टोपली देऊ नये, हा यामागचा खरा मुद्दा होता.

शास्त्राची बाजू इंदूरला सिद्ध झाली. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1931 साली आपली खतपद्धती पुस्तकरूपाने मांडली. काडीकचरा, शेण, माती यांचे थर द्यायचे, ओल बेताची ठेवायची आणि तीनदा उलथापालथ करायची. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. हवा खेळती राहिली तर घाण वास येत नाही.

आता आपल्या बागेकडे वळू. आधी वास ओळखायचा. सडक्या अंड्यासारखा असेल तर खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडली आहे. ढीग उकरा, पाण्याला वाट द्या. नाकाला झोंबत असेल तर ओला कचरा किंवा शेण जास्त झाले. त्यात वाळला पाला, तुरीचे कुटार मिसळा. खड्डा ठीक असेल तर कुंड्या तपासा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात. कुंडीचे भोक मोकळे करून मातीत थोडी रेती घाला. पेंड भिजवलेले पाणी झाकून ठेवा. शिळे अन्न वर टाकू नका, मातीखाली दाबा.

खड्डा बुजवला तर तोच कचरा गाडीतून दुसऱ्याच्या दारी जाईल. तेव्हा आठवड्यातून एकदा, पाळीपाळीने, प्रत्येक घराने फावडे हाती घ्यावे, एवढीच या वर्षी विनंती.