सियालकोटची रॅकेट, जालंधरची तात

लॉन टेनिस हा एका फौजी माणसानं बाजारात आणलेला खेळ आहे, हे आपल्या मेसच्या कोर्टवर रोज खेळणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड हा ब्रिटिश घोडदळाचा अधिकारी. १८७४ साली त्यानं पेटंट घेतलं आणि रॅकेट, चेंडू, जाळी असा पेटीबंद संच विकायला काढला. साहेबांच्या सामानाबरोबर हा खेळ हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्येही आला.

आला खरा, पण रॅकेट आपल्या हवेला टिकेना. तेव्हाची रॅकेट लाकडाची. ॲश लाकूड वाफेवर वाकवून केलेली, आणि आत जनावराच्या आतड्याची तात. पावसाळ्यात तात ओल धरून सैल पडे, उन्हाळ्यात चौकट वाकडी होई. म्हणून रॅकेट चार स्क्रूंच्या लाकडी शिकंज्यात आवळून ठेवायची पद्धत होती. जुन्या मेसमध्ये असे शिकंजे अजून एखाद्या कपाटात सापडतात आणि नवे लेफ्टनंट ते कशाचं यंत्र म्हणून विचारतात.

सियालकोटच्या छावणीत एका साहेबाची रॅकेट मोडली, विलायतेहून नवी येईपर्यंत थांबणं नको म्हणून त्यानं ती गावातल्या कारागिराला दिली, आणि दुरुस्ती इतकी उत्तम झाली की लोक नव्या रॅकेटीच मागू लागले, अशी गोष्ट पंजाबात सांगतात. गोष्ट घासून गुळगुळीत झालेली आहे, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सियालकोट खेळसाहित्याचं मोठं केंद्र झालं होतं यात शंका नाही. लाकूड जवळ होतं. लाहोरच्या बाजूला छांगा मांगा इथे इंग्रजांनी रेल्वेच्या इंधनासाठी कालव्याच्या पाण्यावर जंगल लावलं होतं, त्यातली तुती रॅकेट आणि हॉकी स्टिकच्या कामाला आली. तुती चिवट आणि वाकणारी.

हे वाकणंच सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. चेंडू तारांवर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट एवढाच वेळ असतो. तेवढ्यात लवचिक चौकट मागे वाकते, पण ती परत सरळ होईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. चौकटीनं गिळलेली ताकद चेंडूला मिळत नाही. तारांचं उलट आहे. तार ताणली गेली की घेतलेली बहुतेक ताकद परत देते, आणि चेंडू चेपला गेला की त्यातली पुष्कळशी ताकद वाया जाते. म्हणून गटिंग सैल असेल तर तार जास्त ताणली जाते, चेंडू कमी चेपतो आणि लांब जातो. घट्ट असेल तर वेग घटतो, पण चेंडू कुठे पडेल याचा भरवसा वाढतो. लवचिक रॅकेटला पाच पौंड कमी-जास्त करणं म्हणजे या दोन गोष्टींची देवघेव.

जुना गटिंगवाला हे यंत्राशिवाय करायचा. तात ओढायची, भोकात टोच्या खुपसून अडकवायची, पुढची ओढायची, आणि शेवटी बोटानं छेडून आवाज ऐकायचा. ताण दहा टक्के उतरला तर सूर पाच टक्के उतरतो, म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर. कानाला तो कळतो. आपल्या मिरजेत शिकलगारांनी हत्यारांचं काम सोडून तंबोरे-सतारी बनवायला घेतल्या, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागला नसता.

वजनाचं गणित फौजी माणसाला लवकर पटेल. रायफलला संगीन लावली की वजन थोडंच वाढतं, पण नळी फिरवताना हाताला ते कितीतरी जास्त वाटतं. रॅकेटच्या टोकाला पाच ग्रॅम शिशाची पट्टी चिकटवा. एकूण वजन दीड टक्का वाढेल, पण फिरवण्याचं ओझं पाच टक्क्यांच्या आसपास वाढतं, कारण इथे अंतराचा वर्ग लागतो. तीच पट्टी डोक्याच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी लावली तर ओझं निम्मंच वाढतं आणि कडेला लागलेल्या चेंडूनं रॅकेट हातात कमी पिळते. लवचिक चौकटीला मला ही दुसरी जागा जास्त योग्य वाटते. मुठीजवळ लावलेलं शिसं फिरवताना जवळजवळ जाणवतच नाही, फक्त तोल मागे येतो.

१९४७ ला सियालकोट सीमेपलीकडे गेलं. तिथले हिंदू आणि शीख कारखानदार, कारागीर जालंधर आणि मेरठला आले. छांगा मांगा तिकडेच राहिलं. ज्यांच्याबरोबर एका बाकावर बसून रंधा मारला ते मुसलमान कारागीरही तिकडेच राहिले. इकडे आलेल्यांनी हातातल्या कसबावर पुन्हा सुरुवात केली. बस्ती नौ आणि मेरठचं सूरजकुंड हे बाजार आज आपल्याला स्वस्त बॅटींसाठी माहीत आहेत. त्यांची सुरुवात निर्वासितांनी केली आहे, हे खरेदीला जाणाऱ्या जवानांना मी आवर्जून सांगतो.

पुढे १९६७ मध्ये विल्सनची टी-२००० ही पोलादी रॅकेट आली, मूळ कल्पना फ्रेंच खेळाडू रने लाकोस्तची. चेंडू जोरात जाई पण ताब्यात राहत नसे. जिमी कॉनर्सनं तिला शिशाच्या पट्ट्या लावून आपलीशी केली. ब्यॉन बोर्गनं लाकडीच ठेवली आणि तारा ऐंशी पौंडांच्या आसपास ताणल्या, जेव्हा इतर लोक साठाच्या खाली असत. जोर तो स्वतःच्या हातानं आणत होता, रॅकेटकडून त्याला फक्त शिस्त हवी होती. १९७७ मध्ये दुहेरी तारांची, चेंडूला विचित्र फिरकी देणारी रॅकेट निघाली, तेव्हा लक्षात आलं की टेनिसच्या नियमांत रॅकेटची व्याख्याच नव्हती! ती पुढच्या वर्षी झाली. त्यानंतर ग्रॅफाइट आलं, आणि १९८७ नंतर विम्बल्डनमध्ये लाकडी रॅकेट दिसली नाही. तुती वाकवणाऱ्या हातांची गरज त्याबरोबर संपली.

कुणाकडे वडिलांची लाकडी रॅकेट असेल तर गटिंगला देण्याआधी डोक्याच्या आणि दांड्याच्या जोडावर भेग आहे का पाहा. पॉलिस्टर तार टाकू नका, ती फार कडक. मऊ नायलॉन घ्या आणि पन्नास पौंडांच्या वर जाऊ नका, पहिल्यांदा पंचेचाळीसच ठेवा. वेलिंग्टनसारख्या उंच ठाण्यावर हवा विरळ असल्यानं चेंडू लांब उडतो, तिथे दोन पौंड वाढवायला हरकत नाही. आणि शिकंजा मिळाला तर खेळून झाल्यावर तो लावा, चारही स्क्रू सारखे आवळून.