सर्पगंधेची मुळी आणि लठ्ठपणाचे कोडे

वर्गात एखादे अंगाने भारी पोर आले की मुले लगेच त्याचे ‘ढोल्या’ म्हणून बारसे करून टाकतात. आपण गुरुजनही कधी कधी त्या हसण्यात सामील होतो. “फार खातोस, हलत नाहीस,” एवढे निदान आपल्याला पुरते. मी इतिहासाचा अध्यापक, वैद्य नव्हे. पण हे निदान किती अपुरे आहे ते वैद्यकाच्या इतिहासातच दिसते, आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईतून निघतो.

सर्पगंधेची मुळी आपले वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा पद्धतशीर अनुभव घेतला आणि 1949 साली तो विलायतेतील हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला. जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून ‘रेसरपिन’ हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे 1955 साली अमेरिकेत असे आढळले, की रेसरपिन दिले म्हणजे मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिता होतो.

आता हे सेरोटोनिन म्हणजे काय? शरीरातला एक सांगाव्या समजा. 1948 साली ते रक्तातून वेगळे काढले गेले आणि 1953 साली मेंदूतही सापडले. झोप, भूक, मनाची उभारी यांच्याशी त्याचा संबंध आहे. पण त्याचे आणखी एक काम पुढे उजेडात आले.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती वृद्धी संप्रेरक सोडते. नावावरून वाटते तसे हे केवळ लहान मुलांची उंची वाढवण्यापुरते नाही. थोरांच्या शरीरातही साठलेली चरबी मोडून वापरात आणण्याचे काम ते करते. रक्तातले त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म, की मोजणार कसे? रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये असली मोजणी करण्याची रीत बसवली. 1963 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की इन्सुलिन टोचून रक्तातली साखर उतरवली की हे संप्रेरक एकदम चढते. लठ्ठ माणसांत मात्र हा चढ फार थोडा, असे त्या काळच्या तपासण्यांत दिसू लागले. यॅलोबाईंना 1977 साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन 1972 सालीच वारले होते.

1973 साली दोन दुवे जुळले. सेरोटोनिनचे काम अडवणारी औषधे दिली, तर साखर उतरूनही संप्रेरक नीट चढत नाही, असे अमेरिकेत दिसले. ज्या द्रव्यापासून शरीर सेरोटोनिन बनवते ते दिले, तर संप्रेरक वाढते, असे जपानात दिसले. मग कुणालाही वाटेल, की लठ्ठ माणसाचे सेरोटोनिनच बिघडले असावे!

पण थांबा. 1982 साली पीयूषिकेला थेट हुकूम देणारे द्रव्य सापडले. 1984 साली ते लठ्ठ माणसांना देऊन पाहिले. सेरोटोनिनची वाट वगळून ग्रंथीच्या दारात सांगावा पोचवला, तरी उत्तर क्षीणच आले. म्हणजे दोष एकट्या सेरोटोनिनच्या माथी मारता येत नाही. रक्तातली वाढलेली स्निग्ध आम्ले व इन्सुलिन ग्रंथीला आवर घालतात. त्याच प्रयोगात वजन उतरल्यावर ग्रंथीचे उत्तर सुधारले!

यातला अर्थ नीट ध्यानात घ्या. चरबी वाढली की संप्रेरक मंदावते, आणि संप्रेरक मंदावले की चरबी मोडणे आणखी जड जाते. विहिरीत पाणी कमी म्हणून मोट अर्धी येते, आणि मोट अर्धी म्हणून भिजायला वेळ दुप्पट लागतो, तसला हा फेरा. त्यात सापडलेल्या पोराला आळशी म्हणून हिणवणे न्यायाचे नाही. पण हा फेरा उलट फिरतो, ही आशेची गोष्ट आहे. आणखी एक नवल असे, की लठ्ठ मुले वयाच्या मानाने बहुधा उंचच असतात. तेव्हा “वाढ खुंटेल” म्हणून त्यांना घाबरवू नका. मात्र मूल लठ्ठ आहे आणि उंचीही वाढत नाही, असे दिसल्यास डॉक्टरांना जरूर दाखवा. वजन उतरवण्यासाठी या संप्रेरकाच्या सुया कोणी सुचवल्या, तर नको म्हणा. त्या कामी ते मान्य औषध नाही.

आपला जिल्हा, 2024 पर्यंतचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर, दुष्काळाच्या ओळखीचा. 1970 साली जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्यप्रकल्प उभारला. तिथे गावच्याच बाया शिकून तयार झाल्या आणि पोरांची वजने घेऊ लागल्या. चिंता होती ती कमी वजनाची. आज त्याच काट्यावर जास्त वजनही पाहावे लागते. गुरुजी, काटा शाळेत जरूर आणा. पण काट्यावरचा आकडा पोराच्या कानात सांगा, वर्गात ओरडून नव्हे.