मोडेम का जुळत नसे? ०२५१ आणि ०२२ यांच्यामधील अदृश्य सीमेचा इतिहास

#धागा #इतिहास

१/ १५ ऑगस्ट १९९५. विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल, या सरकारी कंपनीने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. पहिल्या शहरांमध्ये मुंबई होती. परंतु त्याच मुंबईत रोज लोकलने कामाला जाणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरकरांना घरी परतल्यावर हे इंटरनेट परगावचे ठरत असे. असे का घडले? उत्तर शोधण्यासाठी न जुळणाऱ्या मोडेमचा माग घरापासून मुंबईपर्यंत काढावा लागेल.

२/ प्रथम ही तीन शहरे. उल्हासनगर म्हणजे मूळची कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची पायाभरणी झाली. आजही तेथील पत्ता 'कॅम्प नंबर'ने सांगितला जातो. अंबरनाथला अकराव्या शतकातील शिवमंदिर, तसाच दारूगोळा कारखाना आणि औद्योगिक वसाहत. पुढे बदलापूर, तेही एमआयडीसीचे गाव. ज्यांचे व्यवहार आणि नातलग दूरदेशी पसरले होते, त्यांच्यासाठी ई-मेल ही चैन नव्हती. महागड्या आंतरराष्ट्रीय फोन आणि फॅक्सला तो पर्याय होता.

३/ त्या काळी इंटरनेटची वेगळी तार नव्हती. संगणकाला मोडेम जोडायचा, मोडेमला टेलिफोनची तार. टेलिफोनची वाट मानवी आवाजासाठी आखलेली, साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच रुंद. संगणकाची अंकीय माहिती या अरुंद वाटेने जाईल अशा आवाजात बदलणे आणि आलेल्या आवाजातून पुन्हा माहिती काढणे, हे मोडेमचे काम. सुरुवातीचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. म्हणजे १ मेगाबाइटची फाइल उतरवायला, सारे सुरळीत असताना, सुमारे १४ मिनिटे.

४/ जोडणीची रीत अशी : मोडेम आधी डायल टोन ऐकतो, मग नंबर फिरवतो. पलीकडचा मोडेम फोन उचलून २,१०० हर्ट्झचा लांब सूर देतो. त्यानंतर दोघे शिट्ट्या आणि खरखरीच्या भाषेत तारेची परीक्षा घेऊन वेग ठरवतात. आज मीम्समध्ये ऐकू येणारा तो विचित्र आवाज म्हणजे हीच बोलणी. ती फिसकटली की पडद्यावर कोरडे शब्द उमटत : 'नो डायल टोन', 'बिझी' किंवा 'नो कॅरियर'. प्रत्येकाचा अर्थ वेगळा, दोषाची जागाही वेगळी.

५/ पहिला टप्पा, घरातील यंत्र. मोडेमना आज्ञा देण्याची भाषा अमेरिकेतील हेज कंपनीच्या १९८१ च्या मोडेमपासून रूढ झाली. अमेरिकेचा डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांचा. भारताचा मात्र ४०० हर्ट्झचा, किंचित थरथरणारा. परक्या सुरावर घडवलेल्या मोडेमला इथला डायल टोन कधी कधी ओळखताच येत नसे. कानाला लावलेला फोन चांगला चालू आणि पडद्यावर मात्र 'नो डायल टोन'! उपाय सोपा होता : 'एटीएक्स ३' ही आज्ञा द्यायची. तिचा अर्थ, डायल टोनची वाट न पाहता नंबर फिरव.

६/ दुसरा घरगुती घोळ पल्स आणि टोनचा. जुनी यांत्रिक एक्स्चेंज तार तोडून-जोडून होणारे 'टक-टक' ठोके मोजत, तर नवी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बटणांचे सूरही ओळखत. एक्स्चेंज जुने आणि मोडेम टोनवर असेल, तर डायल टोन तुटतच नसे. 'एटीडीटी'ऐवजी 'एटीडीपी' लिहिले की काम होई. शिवाय घरात पॅरलल फोन असला आणि आतल्या खोलीत कुणी रिसीव्हर उचलला, की जुळलेली जोडणी क्षणात तुटे.

७/ दुसरा टप्पा, घराबाहेरची तांब्याची जोडी. ती खांबावरच्या डब्यातून आणि जमिनीखालच्या केबलमधून एक्स्चेंजला पोहोचे. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगर ओलांडून कल्याणला उल्हास नदीला मिळते. पावसाळी आणि सखल असा हा पट्टा. केबलच्या सांध्यात ओल शिरली की तारेवर खरखर वाढते. माणसाचा कान खरखरीतूनही शब्द वेचतो. मोडेमला ते साधत नाही, तो वेग उतरवत जातो आणि अखेर 'नो कॅरियर' म्हणून हात टेकतो. म्हणून लाइनमन फोन उचलून "लाइन तर चालू आहे" म्हणे, तेव्हा तो खोटे बोलत नसे आणि ग्राहकाची तक्रारही खोटी नसे.

८/ समजा, यंत्र ठीक आणि तारही स्वच्छ. आता तिसरा टप्पा, आणि खरा इतिहास इथे सुरू होतो. १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई आणि दिल्लीच्या टेलिफोनसाठी महानगर टेलिफोन निगम, म्हणजे एमटीएनएल, स्थापन झाली. मुंबईबरोबर ठाणे आणि नवी मुंबई तिच्याकडे आली. या साऱ्यांचा कोड ०२२. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मात्र केंद्राच्या दूरसंचार विभागाकडेच राहिले. त्यांचा कोड ०२५१.

९/ रेल्वेच्या नकाशावर मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटरवरचे बदलापूर हे उपनगरी स्थानक होते. एका पासावर तिथून थेट बोरीबंदर गाठता येई. टेलिफोनच्या नकाशावर मात्र मुंबई ठाण्याच्या खाडीपलीकडे थोड्याच अंतरावर संपत असे. व्हीएसएनएलचे मोडेम ०२२ मध्ये होते. म्हणजे उल्हासनगरच्या संगणकाला आधी शून्य फिरवून, एसटीडीच्या वाटेने, दुसऱ्या गावाला फोन लावावा लागे.

१०/ यातून बिघाडाचे असे प्रकार निघाले, ज्यांचा मोडेमशी काहीच संबंध नव्हता. बिलाच्या धाकाने अनेक घरांत एसटीडी बंद किंवा लॉक केलेली असे. मोडेम इमानाने ०२२ फिरवी, पलीकडून ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येई आणि मोडेम त्या मानवी आवाजात कॅरियरचा सूर शोधत बसे. एसटीडी खुली असली तरी गर्दीच्या वेळी शहरांमधल्या मोजक्या वाहिन्या भरून जात. 'बिझी' फुकट होता. पण पलीकडच्या मोडेमने फोन उचलल्यावर बोलणी फिसकटली, तर मीटर पडलेला असे. अपयशाचेही पैसे मोजावे लागत.

११/ आणि मूळ वर्गणीही थोडी नव्हती. व्यक्तीसाठी २५० तासांना ५,००० रुपये, संस्थांसाठी १५,००० रुपये. फोनचे बिल वेगळे. मुंबईतही सुरुवात खडतर होती. त्या काळच्या अडचणी व्हीएसएनएलचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी पुढे जाहीरपणे मान्य केल्या. तरी पहिल्या सहा महिन्यांत देशभरात सुमारे १०,००० ग्राहक जोडले गेले. मागणी होती, वाट अरुंद होती.

१२/ हा तिसरा दोष पेचकसाने सुटणारा नव्हता. तो धोरणाने सुटला. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली आणि 'सत्यम ऑनलाइन'सारख्या सेवा आल्या. परवान्यांचे तीन वर्ग होते : अखिल भारतीय, राज्य पातळीवरचा आणि एका दूरसंचार जिल्ह्यापुरता. इंटरनेटसाठी १७२ ने सुरू होणारे खास नंबर रुळले, जे शून्य न लावता स्थानिक कॉलप्रमाणे फिरवता येत. १ ऑक्टोबर २००० पासून दूरसंचार विभागाची सेवा बीएसएनएलकडे गेली आणि तिची 'संचारनेट' सेवा सुरू झाली. सीमा कागदावर उरली, मोडेमसाठी ती पुसट होत गेली.

१३/ अखेरचा अंक २००५ चा. जानेवारीत बीएसएनएलने ब्रॉडबँड आणले, किमान वेग २५६ किलोबिट. गंमत अशी की तार तीच होती, तांब्याची जुनी जोडी. ब्रॉडबँड आवाजाच्या पट्ट्याच्या वरच्या, रिकाम्या लहरी वापरते. शिवाय माहिती जवळच्या एक्स्चेंजमध्येच फोनपासून वेगळी होते. आता नंबर फिरवणेच उरले नाही, मग ०२५१ काय आणि ०२२ काय!

१४/ इतिहासाच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? 'नो कॅरियर' हे दोन शब्द एकच दिसतात, पण त्यांमागे ओला सांधा असू शकतो, एसटीडीचे कुलूप असू शकते किंवा दिल्लीत आखलेली एक सीमारेषाही. तंत्रज्ञान गावात केव्हा 'आले' याची तारीख सरकारी घोषणेत सापडते. ते घरात केव्हा पोहोचले, हे मात्र बिलांत सापडते. घरात १९९५ ते २००५ मधली टेलिफोनची बिले पडून असतील, तर रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. एसटीडीचा रकाना कोणत्या वर्षी आटला, ते तपासा. आपल्या गावच्या इंटरनेटचा पहिला लेखी पुरावा कदाचित तिथेच असेल.

धागा समाप्त.