८३०२ : दाराच्या सामानाच्या शीर्षकावर भाष्य

सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीतलं ८३ वं प्रकरण साध्या धातूंच्या संकीर्ण वस्तूंचं आहे. त्यात ८३०१ ला कुलपं-किल्ल्या आणि ८३०२ ला दाराखिडकीचं उरलेलं बहुतेक सामान. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअरच्या दुकानात एकाच फळीवर मांडलेला हा माल अनुसूचीत मात्र चार-पाच प्रकरणांत विखुरतो. २०११ पासून सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १७ खाली वर्गीकरण आधी आयातदारानंच करायचं असतं, म्हणून न्हावा शेवा बंदराला कंटेनर लागण्याआधी ८३०२ ची ओळ त्यानं नीट वाचलेली बरी. शीर्षक बदललं की शुल्काचा दर बदलू शकतो, सवलतीची अधिसूचना लागू होते किंवा हुकते, आणि मुक्त व्यापार करारातला मूळ देशाचा निकषही पुष्कळदा शीर्षकाशीच बांधलेला असतो.

पहिले सहा आकडे जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या हार्मोनाइज्ड सिस्टिमचे. ती १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. शेवटचे दोन आकडे आपले. मूळ मजकूर इंग्रजीत आहे. खाली त्याचा आशय तुकड्या-तुकड्यानं घेतला आहे.

“साध्या धातूच्या…”

लोखंड, पोलाद, तांबं, जस्त, ॲल्युमिनियम आणि इतर बरेच धातू. विभाग १५ च्या टीप ३ मध्ये यादीच आहे. ८३०२ च्या दारात धातू कोणता हा प्रश्न नाही, मौल्यवान आहे की नाही एवढाच आहे. सोन्याचा मुलामा दिलेलं पितळी हँडल पितळीच राहतं. धातूचा प्रकार पुढे आठ आकड्यांवर येतो: बिजागरीत पोलादाची ८३०२ १० १०, पितळेची ८३०२ १० २०. पितळ म्हणजे तांबं-जस्ताचा मिश्रधातू, आणि मिश्रधातू वजनात जास्त भरणाऱ्या धातूचा मानायचा, हा टीप ५ चा नियम.

हँडल पूर्ण प्लॅस्टिकचं असेल तर या ओळीला ते शिवतही नाही. इमारतीत कायमचं बसवायचं प्लॅस्टिक हँडल प्रकरण ३९ च्या टीप ११ मुळे ३९२५ ला जातं, फर्निचरचं ३९२६ ला. इन्व्हॉइसवर नुसतं ‘डोअर हँडल’ लिहून चालत नाही ते यामुळे.

“…जडणी, फिटिंग आणि तत्सम वस्तू…”

वस्तूवर जडायची ती फिटिंग. जिच्याशिवाय वस्तूचा सांगाडाच उभा राहत नाही ती फिटिंग नव्हे. हार्मोनाइज्ड सिस्टिमच्या स्पष्टीकरणात्मक टिपा हेच सांगतात. म्हणून पोलादी चौकट आणि उंबरा ७३०८ ला, ॲल्युमिनियमची चौकट ७६१० ला, आणि त्या चौकटीवर बसणारी बिजागरी ८३०२ ला. या टिपा आपल्या कायद्याचा भाग नाहीत. पण वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अर्थ लावताना हार्मोनाइज्ड सिस्टिमचा आधार घेतला, आणि तेव्हापासून वर्गीकरणाच्या वादात त्यांना टाळून कोणी पुढे जात नाही.

टिपांतल्या यादीत कडी-कोयंडा, दाराची साखळी, पत्रपेटीची झडप, दार ठोठावायची कडी, किल्लीच्या भोकाची पट्टी, सरकत्या दाराचा रूळ आणि त्यावरची चाकं असं बरंच काही आहे. दारातून बाहेर पाहायचं भोकही आहे, पण भिंग नसलेलं. भिंग बसवलेली ‘मॅजिक आय’ प्रकाशीय उपकरण ठरते आणि प्रकरण ९० मध्ये जाते. त्याच दाराला, त्याच सुतारानं, त्याच दिवशी बसवलेली असली तरी.

“…फर्निचर, दारं, जिने, खिडक्या, वाहनांची बॉडी, खोगीर, ट्रंका, पेट्या किंवा तत्समांसाठी योग्य…”

शीर्षकाचा जीव या तुकड्यात आहे, आणि त्याचा खरा अर्थ शीर्षकाबाहेर, विभाग १५ च्या टीप २ मध्ये सापडतो. ती टीप काही वस्तूंना ‘सर्वसाधारण वापराचे भाग’ ठरवते: ७३१८ चे स्क्रू-बोल्ट, स्प्रिंगा, आणि ८३०१, ८३०२ मधला सगळा माल. एकदा हा शिक्का बसला की तो माल दुसऱ्या कुठल्या यंत्राचा ‘भाग’ म्हणून गणता येत नाही. विभाग १६ (यंत्रं), विभाग १७ (वाहनं) आणि प्रकरण ९४ (फर्निचर) या तिन्हींच्या टिपा त्याला नाव घेऊन बाहेर ठेवतात.

फ्रिजच्या दाराची बिजागरी घ्या. तिच्यावर फ्रिज कंपनीचा पार्ट नंबर कोरलेला आहे, दुसऱ्या कशालाही ती बसत नाही, कॅटलॉगमध्ये ‘रेफ्रिजरेटर पार्ट’ छापलं आहे. आयातदार ती ८४१८ ९९ मध्ये टाकायला निघतो आणि त्याचं म्हणणं ऐकायला पटतंही: ‘साहेब, ही फक्त फ्रिजलाच लागते.’ पण हा युक्तिवाद भागांच्या सामान्य नियमाचा आहे, आणि विभाग १६ ची टीप १ त्या नियमापर्यंत पोचूच देत नाही. आधी बहिष्कार वाचायचा, मग ‘फक्त याच यंत्रासाठी’ हा निकष. क्रम उलटा झाला की उत्तर चुकतंच. मोटारीच्या दाराचं हँडलही असंच ८७०८ ला न जाता ८३०२ ३० ला येतं, कितीही खास मॉडेलचं असो. माझ्या मते या वर्गातल्या निम्म्या नोटिसा शीर्षक वाचून आणि टीप न वाचून ओढवतात.

टीप २ ला एक शेपूट आहे आणि ते विभागाच्या आत चालतं: प्रकरण ८३ मधल्या वस्तू ७२ ते ७६ आणि ७८ ते ८१ या प्रकरणांतून वगळलेल्या आहेत. ब्रॅकेट पोलादाचं आहे म्हणून ७३२६ च्या ‘इतर वस्तूं’त सारता येत नाही. डनलॉप इंडियाच्या १९७५ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं होतं की, नामनिर्देशित जागेवर रास्त हक्क असलेल्या मालाला उरलेल्यांच्या अनाथाश्रमात धाडू नये. इथे तर टीपच तसं करू देत नाही.

आता शीर्षकाच्या आत. अर्थ लावण्याच्या सर्वसाधारण नियमांपैकी उपशीर्षकांसाठी नियम ६: समान पातळीवरच्या ओळींचीच तुलना. बिजागरीला ८३०२ १० आहे आणि फिटिंगच्या पुढच्या ओळी ‘इतर’ या शब्दानं सुरू होतात. म्हणून मोटारीची असो, कपाटाची सॉफ्ट-क्लोज असो, बिजागरी १० मध्येच. ड्रॉवरचा चॅनेल मात्र ४२ मध्ये, फर्निचरकडे.

अवघड जागा आहे ती मुठीची. ३५ मिलिमीटर व्यासाची पितळी गोल मूठ इमारतीच्या ४१ मध्ये की फर्निचरच्या ४२ मध्ये? फोटो पाहून कळत नाही. ती उलटी करायची. मागे एम-४ च्या एका स्क्रूचं भोक असेल तर ती कपाटाची, ड्रॉवरची. आठ मिलिमीटरचा चौकोनी स्पिंडल घुसण्याची जागा असेल तर ती दाराची, कुलपाची जीभ फिरवणारी. तपासणीच्या वेळी नमुना मागवतात तो असल्याच कारणासाठी, आणि कस्टम ब्रोकरनं कॅटलॉगचं पान आधीच जोडलं तर माल चार दिवस पडून राहत नाही.

कुलपाची सीमा

शीर्षकात ही ओळ नाही, पण शेजारच्या ८३०१ शिवाय भाष्य पांगळं राहील. किल्लीनं, आकड्यांनी किंवा विजेवर चालणारं ते कुलूप. बोटाच्या ठशानं उघडणारं डिजिटल लॉकही त्यामुळे ८३०१ मध्येच. बिनकिल्लीचा टॉवर बोल्ट ८३०२, किल्लीचा बोल्ट ८३०१.

मग मॉर्टिस सेट: एका खोक्यात हँडलांची जोडी, कुलपाची पेटी, सिलिंडर, किल्ल्या आणि स्क्रूची पुडी. किरकोळ विक्रीचा संच म्हणून नियम ३(ब), आणि संचाला ओळख देणारी वस्तू कुलूप. सगळं खोकं ८३०१ ४० ला. हँडलं महाग आणि दिखाऊ असतात म्हणून ओळख त्यांची, असा वाद घातला जातो. मला तो पटत नाही. पेटी आणि सिलिंडर काढून घेतलं तर ग्राहक तो संच घेणार नाही. नुसती हँडलांची जोडी आली तर मात्र ८३०२ ४१. नुसती सिलिंडरं कुलपाचे भाग म्हणून ८३०१ ६०. सुट्या किल्ल्या ८३०१ ७०. ज्याचा संच मोठा आणि माल वारंवार येणारा, त्यानं सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम २८एच खाली आगाऊ निर्णय मागावा. मुंबईत त्यासाठी प्राधिकरण आहे.

“…टोप्यांचे स्टँड, खुंट्या, ब्रॅकेट, धातूच्या बैठकीची कॅस्टर चाकं…”

खुंट्यांवर बोलण्यासारखं फार नाही. चाकांना प्रकरणाच्या टीप २ ची मापं आहेत: व्यास ७५ मिलिमीटरपर्यंत, किंवा त्याहून मोठा असल्यास रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा कमी. टेप लावून पाहावं.

“…आणि साध्या धातूचे स्वयंचलित डोअर क्लोजर.”

स्प्रिंगचे असोत की तेलाच्या दाबाचे, ८३०२ ६०. काचेच्या दाराखाली फरशीत गाडतात ती ‘फ्लोअर स्प्रिंग’ बाजारात स्प्रिंग म्हणून विकली जाते, पण ती क्लोजरच आहे आणि इथेच येते. ७३२० ला ती टाकणाऱ्यानं खोकं उघडून आतला कॅम आणि तेलाचा सिलिंडर पाहावा. सुटे भाग आले तर प्रकरणाची टीप १: भाग मूळ वस्तूबरोबर. म्हणून क्लोजरचा नुसता दांडा ८३०२ ६० मध्येच. त्याच टिपेचं दुसरं वाक्य स्क्रू, साखळ्या आणि स्प्रिंगा यांना भाग मानायला नकार देतं; तेव्हा त्याच क्लोजरच्या आतली पोलादी स्प्रिंग वेगळी मागवली तर ती ७३२० ला, आणि दांडा आवळायचे स्क्रू वेगळे आले तर ७३१८ ला.