पटावरची नऊ नावं

सप्टेंबर 2023 ची गोष्ट. सोयाबीन सोंगणीला आलं होतं. सायंकाळी आमच्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी ओट्यावर येऊन बसले अन् म्हणाले, "काकाजी, आपल्या शाळेचं काही खरं नाही."

20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभ्या करायच्या, असा विचार सरकारनं काढला होता. राज्यात अशा शाळा पंधरा हजारांच्या घरात होत्या. आमचा पट नऊ. खरं म्हणजे इशारा आधीच मिळाला होता. 2017 च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळांवर गदा आली, तेव्हा आमचा पट चौदा होता. आपली वाचली म्हणून आम्ही गप्प बसलो.

ही शाळा आधी मारुतीच्या पारावर भरे. खोली बांधायचं ठरलं तेव्हा घरोघरून पायली पायली ज्वारी जमली. बैलबंडीवाल्यांनी नाल्यातला दगड वाहिला. ज्यांच्याजवळ देण्यासारखं काही नव्हतं, त्यांनी अंगमेहनत दिली. माझे वडील ते सांगताना गाडगेबाबांचं नाव हमखास काढत. शेंडगावचा, स्वतः शाळेची पायरी न चढलेला हा माणूस कीर्तनातून पोरं शिकवा म्हणून विनवत फिरला. अन् पापळचे पंजाबराव देशमुख. 1928 साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा आग्रह धरला, पुढं 1932 साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. शाळा म्हणजे सरकारनं दिलेली भीक नव्हे, आपणच उभी केलेली वस्तू, ही समज वऱ्हाडात अशी मुरली.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हेच सगळं सांगितलं. 2009 च्या कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे, हेही सांगितलं. एक म्हातारे उठले. "शकुंतला गाडी बंद पडली, तवा बी आपन पाह्यतच रायलो." लोक हसले, पण माना हलल्या.

तेवढ्यात मागून एक बाई बोलली. तिच्या दोन्ही पोरी आमच्याच शाळेत. रोजमजुरीला जाणारी.

"काकाजी, तुमचा नातू तं पिवळ्या गाडीत बसून तालुक्याले जाते. मंग शाया वाचवाची आमीच काहून?"

सभा चिडीचूप. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पट काही आपोआप घटला नव्हता. ज्यांच्या हातात चार पैसे आले, त्यांनी लेकरं काढून घेतली. त्यात माझं घर पहिलं.

ठराव एकमतानं झाला. दुसऱ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीतले आम्ही पाच-सहा जण समूह शाळा होऊ शकेल त्या गावापर्यंत पायी गेलो. अडीच किलोमीटर, त्यातली अर्धी पांदण. रात्री पाऊस येऊन गेला होता. काळी माती चपलांना अशी धरली की शेवटी चपला हातात घ्याव्या लागल्या. मधला नाला गुडघाभर. गाडीभाडं देऊ म्हणणाऱ्याला पांदण ठाऊक नसते. किती वेळ लागला, पाणी कुठवर होतं, सगळं लिहून ठरावाला जोडलं अन् तालुक्याच्या कार्यालयात देऊन पोच घेतली.

घरचं काम त्याहून अवघड. सून म्हणाली, "मामाजी, इंग्रजीचं काय? पोरगं मागं पडलं तर?" तिचं चुकत नव्हतं. दोन वर्ग, एकच गुरुजी, त्यातही त्यांच्यामागं सतरा कागद. मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. रोज सायंकाळी शाळेच्या ओट्यावर इंग्रजी वाचन घेईन, सगळ्याच लेकरांचं, असं कबूल केलं. तरी पोराला अन् सुनेला राजी करायला उन्हाळा उजाडला.

जूनमध्ये नातवाचं नाव शाळेत घातलं. त्याच्यामागं आणखी तीन घरची लेकरं आली. पट तेरा झाला. वीस अजून दूर आहे, अन् तो कागद पुन्हा केव्हा वर येईल याचा नेम नाही.

त्या बाईची थोरली पोरगी सायंकाळी माझ्यापुढं बसून वाचते. अडली की माझ्याकडं न पाहता माझ्या नातवाकडं पाहते, कारण त्याला येतं. मग मी त्याला म्हणतो, "सांग लेका तिले."