खुळखुळ्याची नोंद आणि कुलाब्याचा पत्ता

पेण व रोहा तालुक्यांतील वनस्पतींचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास पहिली अडचण येते ती पत्त्याची. उदाहरणादाखल खुळखुळा हे शिंबावंत कुळातील लहान झुडूप घ्यावे. हा तागाचा सगोत्र. शेंग वाळली की आतील बिया सुटून वाजतात, त्यावरून हे नाव पडले. ‘क्रोटालेरिया’ हे लिनीअसने १७५३ साली वापरलेले प्रजातिनामही चिपळ्यांसारख्या वाद्याच्या ग्रीक नावावरून आले आहे. म्हणजे दोन भाषांनी एकच ध्वनी स्वतंत्रपणे टिपला.

वाळविलेल्या नमुन्यात हा ध्वनी उरत नाही. उरते ती चिठ्ठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हूकर व टॉमसन यांनी वितरित केलेल्या नमुन्यांवर मलबार व कोकण एकाच छापील ओळीत येतात आणि स्टॉक्स, लॉ या संग्राहकांची नावेही एकत्रच येतात. अशा चिठ्ठीवरून नमुना पेणचा की कालिकतचा, हे ठरविता येत नाही. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथातही (१९०१–१९०८) अनेक जातींपुढे केवळ ‘कोकण’ असा निर्देश आहे.

नेमके नाव असले तरी संशय फिटतोच असे नाही. ‘कुलाबा’ हे मुंबईतील ठिकाण आहे, तसेच १८६९ साली स्वतंत्र झालेल्या जिल्ह्याचेही ते नाव होते. १९८१ साली तो जिल्हा रायगड झाला. ‘रोहा-अष्टमी’ ही कुंडलिकेच्या दोन तीरांवरील जोडगावे. अपरिचित वाचक त्यातील अष्टमीस तिथी समजण्याचा संभव आहे.

याउलट ‘होर्तुस मलबारिकुस’ (१६७८–१६९३) या ग्रंथाच्या चित्रांवर स्थानिक नावे मल्याळम, अरबी व नागरी लिपींत कोरलेली आहेत. स्थानिक नाव हाही पुरावाच होय, ही जाणीव तेथे दिसते.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. धाटावची औद्योगिक वसाहत होण्यापूर्वी त्या माळावर काय उगवत होते, हे विचारणाऱ्यास जुन्या चिठ्ठ्यांखेरीज फारसा आधार नाही. म्हणून त्या मूळ अक्षरांत जशाच्या तशा उतरून घ्याव्यात. आजचे गाव व तालुका वेगळ्या रकान्यात लिहावा आणि दोहोंची सरमिसळ करू नये. नोंदीत पेणचा उल्लेख नाही, एवढ्यावरून पेणमध्ये खुळखुळा नव्हता असे अनुमान मात्र कोणी काढू नये. त्या मौनाचे कारण पुष्कळदा लेखणीच्या आळसात असते.